उतरलेले कोलेस्टेरॉल

माझे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात. वय ७६. शाळेत तेहतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल २३२ निघाले. (एकक : मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. पुढेही कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना हेच एकक समजावे.) काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा एक सौम्य झटका येऊन गेला होता आणि त्या वेळी सुरू झालेली गोळी त्यांनी आपल्या मनानेच सोडली होती. डॉक्टरांनी ती पुन्हा घ्यायला सांगितली. मामा म्हणाले, आधी पथ्य करून पाहतो. रोज सकाळी भिजवलेल्या मेथीचे पाणी सुरू झाले.

ऑगस्टमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. पाचव्या दिवशी इतर तपासण्यांबरोबर कोलेस्टेरॉलही पाहिले गेले. आकडा आला १४६. मी भेटायला गेले तर अंगात ताप, श्वास लागलेला, पण चेहऱ्यावर विजय. "पाह्य पोरी, मेथीनं काम केलं. आता गोळी कशाला पायजे?" माझ्या मामींनाही ते पटले होते. मला पटले नव्हते, पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार?

पुढे दोन महिन्यांनी, मेथीत एका दिवसाचाही खंड न पडता, कोलेस्टेरॉल भरले २२८. मामांनी आधी प्रयोगशाळेला दोष दिला, मग मेथीच्या वाणाला. वास्तविक दोन्ही निर्दोष होते. तिन्ही आकडे खरे होते. मधला आकडा कोलेस्टेरॉलविषयी थोडे आणि न्यूमोनियाविषयी बरेच सांगत होता, एवढेच.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी साठी-सत्तरी ओलांडलेले कोणीतरी असते आणि त्यांच्या औषधांच्या पिशवीत असे अहवालही असतात. आकडा वाढला की सगळे घाबरतात. आकडा उतरला की कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून उतरलेल्या आकड्यापासूनच सुरुवात करू.

काटा, ताप आणि यकृत

'इन्फ्लमेशन' या शब्दाला मराठीत एकच ठरलेला शब्द नाही. कोणी शोथ म्हणतात, कोणी दाह, बोलताना आपण नुसते सूज म्हणतो. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मी येथे दाह हा शब्द वापरणार आहे. सूज म्हटले की डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी गोष्ट मनात येते, आणि आपला विषय असा आहे की तो वीस-वीस वर्षे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

पायात बाभळीचा काटा रुतला की काय होते ते वर्गात कोणत्याही मुलाला विचारा. जागा लाल होते, ठणकते, गरम लागते. आत काय घडते? ऊतीत गस्त घालणाऱ्या भक्षकपेशी काट्याबरोबर आलेले जंतू ओळखतात आणि काही प्रथिने रक्तात सोडतात. ही निरोपाची प्रथिने, म्हणजे सायटोकाईन. त्यांतली तीन नावे पुढे लागतील : इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ. यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धावतात. इथपर्यंतची गोष्ट स्थानिक आहे.

पण निरोप रक्तातून यकृतापर्यंतही पोचतो. इंटरल्यूकिन-६ पोचले की यकृत आपले नेहमीचे उत्पादन बाजूला ठेवते आणि युद्धकाळचे उत्पादन सुरू करते. अल्ब्युमिन कमी होते, फायब्रिनोजेन वाढते. फायब्रिनोजेन वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात. जुन्या ईएसआर तपासणीत आपण हेच मोजत होतो. आणि एक प्रथिन तर शेकडो पटींनी वाढते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात ते सापडले. न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी ते संयोग पावते, म्हणून नाव पडले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, थोडक्यात सीआरपी. निरोगी माणसात ते लीटरमागे एक-दोन मिलिग्रॅम असते. जंतुसंसर्गात शंभराच्या पुढे जाते. संसर्गानंतर सहा-आठ तासांत चढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण संपले की सुमारे १९ तासांना निम्मे या वेगाने उतरते. (घातांकी घटीचे हे उदाहरण गणिताच्या तासाला चालेल.) दवाखान्यात मामांचे सीआरपी ११८ होते.

आता कोलेस्टेरॉल. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून प्रथिन आणि मेद यांच्या गोळ्यांत बसून प्रवास करते. एलडीएल हे गोळे ते यकृताकडून ऊतींकडे नेतात, एचडीएल परतीची वाहतूक करतात. या गोळ्यांची बांधणी, त्यांची पाठवणी आणि त्यांची विल्हेवाट यांत यकृताचा हात सर्वांत मोठा. युद्धकाळात हाही कारभार बदलतो. एलडीएल आणि एचडीएल दोन्ही घटतात, ट्रायग्लिसराईड मात्र वाढतात. एचडीएलमधले मूळ प्रथिन काही अंशी बाजूला सारले जाते आणि त्या जागी सीरम अमायलॉइड-ए नावाचे दाहकाळातले प्रथिन येऊन बसते. असा एचडीएल परतीची वाहतूक नीट करीत नाही. शरीर असे का करीत असावे? एक उत्तर असे की हे मेदगोळे जिवाणूंच्या भिंतीतले विष स्वतःला चिकटवून घेऊन निकामी करतात, म्हणजे तेही लढाईत खर्च होतात. गंमत म्हणजे उंदीर-घुशींत दाहाच्या वेळी कोलेस्टेरॉल वाढते, माणसात आणि माकडांत कमी होते. उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढणाऱ्या आम्हा मंडळींना निसर्ग असा अधूनमधून चिमटा काढतो.

मामांचे आकडे फळ्यावर मांडण्यासारखे आहेत. अहवालातला एलडीएलचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसतो, काढलेला असतो. फ्रीडेवाल्ड याच्या १९७२ सालच्या सूत्राप्रमाणे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. पावसाळ्यापूर्वी : २३२ वजा ३८, वजा १८० चा पाचवा हिस्सा ३६, उत्तर १५८. आजारात : १४६ वजा २४, वजा २१५ चा पाचवा हिस्सा ४३, उत्तर ७९. एलडीएल निम्म्यावर आले! पण पाहा, एचडीएलही ३८ वरून २४ वर आले आहे आणि ट्रायग्लिसराईड वाढले आहेत. मेथीने किंवा गोळीने हे तीन बदल या दिशांना एकत्र होत नाहीत, दाहाने होतात. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, डेंग्यू, क्षय यांतही कोलेस्टेरॉल असेच उतरते. झटक्यानंतर तपासणी करायची तर पहिल्या चोवीस तासांतच करावी, असे डॉक्टर म्हणतात ते यासाठीच.

आणि खरा धोका इथे आहे. कागदावर कोलेस्टेरॉल उतरलेले असते त्याच दिवसांत झटक्याची शक्यता चढलेली असते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडील नोंदी तपासून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या प्रमाणापेक्षा सुमारे पाचपट होते आणि नंतर काही आठवड्यांत ते हळूहळू पूर्ववत झाले. मामा "गोळी कशाला" म्हणत होते तो दिवस त्या सबंध वर्षातला गोळी नाकारायला सर्वांत वाईट दिवस होता.

भिंतीच्या आतला काटा

असे का व्हावे हे कळण्यासाठी रोहिणीच्या भिंतीत डोकवावे लागेल. १८५० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो याने रोहिणीकाठिण्य हा भिंतीचा दाहच आहे असे प्रतिपादन केले. १९१३ मध्ये रशियात अनिचकॉव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर निर्माण केले. मग अनेक दशके कोलेस्टेरॉलचाच बोलबाला राहिला आणि रोहिणी म्हणजे जणू क्षार साचून तुंबलेला नळ, असे चित्र रूढ झाले. आपणही वर्गात ते वापरले आहे. ते सोपे आहे, पण चुकीचे आहे. नळ मृत असतो. रोहिणीची भिंत जिवंत आहे आणि तिच्यात जे घडते ते काटा रुतलेल्या पायासारखे आहे.

एलडीएलचे गोळे अस्तराखाली शिरतात, तिथल्या जाळ्यात अडकतात आणि त्यांचे ऑक्सिडेशन होते. भक्षकपेशींना ते परके वाटतात व त्या ते गिळू लागतात. एरवी पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती आपल्या पृष्ठावरचे एलडीएल-ग्राही कमी करते. या ग्राहींच्या शोधाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. परंतु ऑक्सिडेशन झालेले गोळे दुसऱ्याच दाराने आत येतात आणि त्या दाराला पोट भरल्याचे कळत नाही. पेशी खात राहते, मेदाने फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसते आणि अखेर मरते. मागे राहतात कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक. २०१० मध्ये दिसून आले की हे स्फटिक भक्षकपेशीत इंटरल्यूकिन-१ तयार करणारी यंत्रणा चालू करतात. त्यातून इंटरल्यूकिन-६, त्यातून यकृतात सीआरपी. म्हणजे काटा इथेही आहे, फक्त तो आपल्याच कोलेस्टेरॉलचा आहे आणि चिमट्याने निघत नाही.

या गाठीवर शरीर तंतुमय झाकण घालते. झाकण जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षे काही न होता जगतो. दाह वाढला की भक्षकपेशी असे विकर सोडतात जे झाकणाचे तंतूच कुरतडतात. झाकण फाटले, रक्ताचा आतल्या मालाशी संबंध आला की काही मिनिटांत गुठळी होते. न्यूमोनियासारखा आजार म्हणजे सगळ्या शरीरभर दाहाचे निरोप; जुन्या गाठी त्याने चेतवल्या जातात, शिवाय फायब्रिनोजेन वाढल्यामुळे रक्तही गोठायला तयार असते.

वयाचा यात काय संबंध? वय वाढते तसे रक्तातील इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी संसर्ग नसतानाही थोडे वर सरकते. इटलीतील क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली याला एक जोडनाव दिले. मराठीत वार्धक्यदाह म्हणता येईल. कारणे अनेक आहेत. विभाजन थांबलेल्या पण न मेलेल्या म्हाताऱ्या पेशी दाहाचे निरोप सोडत राहतात. हिरड्या आणि आतडे यांचे अस्तर सैल होते. आणि पोटावरची चरबी. चरबी म्हणजे नुसते कोठार नव्हे. १९९७ मध्ये केलेल्या एका मोजमापानुसार स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तातील जवळजवळ एक तृतीयांश इंटरल्यूकिन-६ चरबीतून येते. या उलट कोलेस्टेरॉल पुरुषांत साधारण साठीपर्यंत आणि स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर चढते आणि सत्तरीनंतर दोघांतही उतरू लागते. एक रेषा चढती, एक उतरती. म्हातारपणीचा अहवाल वाचणे अवघड होते ते या दोन रेषा एकमेकींना छेदतात म्हणून.

याच कारणाने शास्त्रज्ञांचीही फसगत झाली. हॉलंडमधील लायडन शहरात ८५ वर्षांवरील ७२४ वृद्धांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त ते अधिक जगले! होनोलुलूमध्ये ७१ ते ९३ वयाच्या ३,५७२ पुरुषांच्या अभ्यासात २००१ मध्ये असेच दिसले. मग म्हातारपणी कोलेस्टेरॉल चांगले समजायचे काय? काहींनी तसा अर्थ काढला आणि आजही तो हिरिरीने सांगितला जातो. पण १९९७ सालचाच अमेरिकेतला एक अभ्यास पाहा. सरासरी ७९ वर्षांच्या ४,०६६ माणसांत प्रथमदर्शनी हेच उलटे चित्र होते. संशोधकांनी मग अल्ब्युमिन, लोह यांसारख्या प्रकृती खालावल्याच्या खुणा हिशेबात घेतल्या आणि पहिल्या वर्षातले मृत्यू वगळले. चित्र सरळ झाले : कोलेस्टेरॉल जास्त तसे हृदयविकाराचे मृत्यू जास्त. म्हणजे कमी कोलेस्टेरॉलने माणसे मरत नव्हती, तर मरणाकडे निघालेल्या माणसांचे कोलेस्टेरॉल आधीच उतरत होते. हे स्पष्टीकरण मला पटते, पण ते पूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. होनोलुलूत वीस वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांतही मृत्यू जास्त होते, आणि इतका लांबचा दाह कोणता याचे उत्तर त्यात नाही. परिस्थितीजन्य पुराव्याची ही मर्यादा आहे.

धूर आणि आग

मग दाह हा खरा आरोपी की नुसता साक्षीदार? न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नीचा दाखला येथे चपखल बसतो. सीआरपी हा धूर आहे. ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जन्मतःच जास्त असते त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. धूर पुसून आग विझत नाही. पण ज्यांच्या जनुकांमुळे इंटरल्यूकिन-६ चा निरोप मंद पोचतो त्यांना हृदयविकार कमी होतो. २०११-१२ मधल्या या निष्कर्षांनी संशयाचे बोट एक पायरी मागे सरकले.

त्याआधी २००८ मध्ये ज्युपिटर चाचणी झाली होती. एलडीएल १३० च्या आत, पण सीआरपी २ किंवा अधिक, अशी १७,८०२ वरवर निरोगी माणसे निवडली. पुरुष पन्नाशीपुढचे आणि स्त्रिया साठीपुढच्या. निम्म्यांना रोसुवास्टॅटिन दिले. एलडीएल ५० टक्क्यांनी, सीआरपी ३७ टक्क्यांनी आणि झटका, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. परंतु यातून निर्णय होत नाही, कारण स्टॅटिन दोन्ही उतरवते. श्रेय कोणाचे? त्यासाठी कोलेस्टेरॉलला हात न लावता दाह कमी करून पाहायला हवे होते. ते २०१७ मध्ये कॅन्टोस चाचणीत झाले. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन-१ बांधून ठेवणारे प्रतिपिंड तीन महिन्यांतून एकदा टोचले. एलडीएल जागच्या जागी राहिले आणि मधल्या मात्रेत घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. फिर्शोचे म्हणणे दीडशे वर्षांनंतर माणसात सिद्ध झाले. पण त्याच गटात जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही घटले नाहीत. पहारेकरी झोपवले की चोरही येतो आणि वाघही. हे औषध अतिशय महाग, शिवाय हा हिशेब. हृदयासाठी ते वापरात आले नाही.

स्वस्त पर्याय एका वनस्पतीतून आला. कोल्चिसिन हे गाऊटवरचे फार जुने औषध. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल; तिच्यातही हेच द्रव्य असते आणि त्यापायीच ती जबर विषारी आहे. मुलांना फूल दाखवावे, कंद हाताळू देऊ नये. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना कोल्चिसिन गुणसूत्रे दुप्पट करणारे म्हणून माहीत असते. पेशीतल्या ज्या सूक्ष्म नलिका ते मोडते त्या पांढऱ्या पेशींनाही हालचालीसाठी लागतात. रोज अर्धा मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत २०२० च्या एका चाचणीत ५,५२२ हृदयरुग्णांमध्ये घटना ३१ टक्के घटल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी ताज्या झटक्याच्या सात हजारांवर रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. गोष्ट अर्धीच झाली आहे, आणि मूत्रपिंडे मंदावलेल्या म्हाताऱ्यांत हे औषध साचून अपाय करू शकते हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे काय? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील २,०४२ प्रौढांच्या रक्तातील मेद तपासले गेले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्के निघाले, तर एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. आपला दोष पाश्चात्त्यांसारखा फक्त चढ्या कोलेस्टेरॉलचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीचे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी केलेल्या अभ्यासात ही ठेवण नवजात बाळांतही आढळली : वजन सरासरी २.७ किलो, स्नायू कमी, चरबी मात्र बरीचशी शाबूत. ही बाळे साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या पोटावरची चरबी दाहाचे निरोप सोडत असेल, आणि तराजू "वजन योग्य" म्हणत असेल. नागपूरच्या बजाज नगरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये पक्षाघातासंबंधी एक निराळी नोंद केली. दाहाशी निगडित असे यकृतातले एक प्रथिन पक्षाघाताच्या सुरुवातीला रक्तद्रवातून नाहीसे होते आणि रुग्ण सुधारू लागला की पुन्हा दिसू लागते. रोहिणी मेंदूतली असो वा हृदयाची, निरोप रक्तातच सापडतो.

खाण्याविषयी मला नेहमी विचारतात, विशेषतः जवसाविषयी, कारण विदर्भात जवस घरचे. जवसाच्या तेलात सुमारे निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध आहेत. या बंधांमुळेच ते हवेतला ऑक्सिजन पटकन घेते व सुकते, म्हणून रंग आणि व्हार्निशसाठी ते वापरतात. आणि याच कारणाने तळणीला ते वाईट. चटणी करून खावे. माशांतल्या मेदाम्लांत त्याचे रूपांतर शरीरात थोडेच होते, तेव्हा औषध म्हणून अपेक्षा ठेवू नये, चवीसाठी खावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती हिरड्यांची. आमच्याकडे गावोगावी खर्रा चघळला जातो. तंबाखू आणि सुजलेल्या हिरड्या हे दोन्ही दाहाचे चालू कारखाने आहेत. २००७ मध्ये एका चाचणीत हिरड्यांच्या गंभीर आजारावर कसून उपचार केल्यावर सहा महिन्यांनी रोहिण्यांचे अस्तर अधिक चांगले काम करताना आढळले. पहिल्या एक-दोन दिवसांत ते उलट बिघडले होते, कारण उपचारानेही तात्पुरता दाह होतो.

तपासणीबाबत दोन गोष्टी. हृदयासाठी करायची सीआरपी तपासणी अतिसंवेदनशील पद्धतीची असते. एक मिलिग्रॅमच्या आत धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, असे २००३ पासून धरतात. ती दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी आणि दहाच्या वर आली तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून संसर्ग शोधावा. येथे एकक लीटरमागे आहे. काही प्रयोगशाळा डेसिलीटरमागे देतात, मग ०.४ हा आकडा छान वाटतो आणि असतो चार. दुसरे, कोलेस्टेरॉल आजारपणात तपासले असेल तर बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, आणि मधल्या आकड्यावरून औषध सोडू नये. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी स्टॅटिनचा उपयोग म्हातारपणीही होतो याचा पुरावा भक्कम आहे. पंच्याहत्तरीपुढच्या, काहीही झालेले नसलेल्या माणसांसाठी तो तोकडा आहे. तिथे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

मामांची सीआरपी तपासणी ऑक्टोबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा झाली : ४.२ आणि ३.८. त्यांनी त्यांची सरासरी काढली, मग तिन्ही एलडीएल एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवली आणि मधल्या आकड्याभोवती गोल केला. गोळी सुरू आहे. प्रत्येक अहवालाच्या मागे आता शेवटचा ताप कधी आला होता ती तारीख ते पेन्सिलीने लिहितात. मेथीचे पाणीही सुरू आहे. त्याला मी हरकत घेतलेली नाही.